एकोणचाळीस

शेफील्ड. शॅरोमधला मेथडिस्ट हॉल.
चिनी सांस्कृतिक मंडळाचा महिन्याचा सिनेमा.
मेइचूनं रात्रपाळी संपता संपता वॉर्डातच सांगितलं होतं:
'ये. वीस वर्षं बंदी होती ह्याच्यावर.
खायला काही आणू नकोस, आमच्याकडे उरतं.'
मी चकल्या नेल्या.

हीटर आवाज करतो म्हणून बंद,
सगळे कोटातच बसलेले.
पडदा म्हणजे कुणाच्या तरी डबल बेडची चादर,
इस्त्री करूनही घडीची एक रेघ राहिलेली,
आणि नदी त्या रेघेवरून वाहायला लागली.

गोष्ट जुन्या राजवटीतली.
पूर येऊन गेलाय. एक कारकून होडीतून प्रेतं मोजत निघालाय.
वरून हुकूम: बारा लिही.
बस, एवढंच.
राजा सहाशे वर्षांपूर्वीचा, टोप्या सहाशे वर्षांपूर्वीच्या.
प्रेतं मात्र कुणाला तरी ओळखीची वाटली असणार.

मधे एका ठिकाणी चित्रच नव्हतं.
कापलेलं ते कापलेलंच,
आवाज तेवढा वेगळ्या टेपवर वाचला होता.
मेइचूनं तो तसाच लावला.
काळी चादर. वल्हं. चुळुक, चुळुक.
आणि एक थकलेला गळा: यी. अर. सान.
खालच्या इंग्रजी ओळीही बंद.

पुढच्या रांगेतल्या बाई बरोबरीनं पुटपुटायला लागल्या,
मग त्यांच्या शेजारचे, मग मागून कुणी.
दहाच्या पुढे माझंही जमलं;
त्यांचं सोपं असतं, दहा-एक, दहा-दोन,
विटेवर वीट ठेवावी तसं.
बारा आले. बारा गेले.
होडी थांबेना.

कऱ्हाडला बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे.
पंचाहत्तरच्या पावसाळ्यात एका गुरुवारी
साप्ताहिकाचा अग्रलेख कचेरीतून तांबड्या रेघा होऊन परत आला.
मालक म्हणाले, जागा कोरीच सोडा.
मी डबा घेऊन गेले होते. विचारलं,
मग आज तुम्हाला काम कमी?
बाबा चिमट्यानं काहीतरी ठासत होते.
'कोरी जागा आपोआप राहत नाही गं.
तिथंही शिसं भरावं लागतं, ओळ न् ओळ,
नाहीतर सगळं पान ढासळतं.
हे शिसं उंचीला कमी, म्हणून त्याला शाई लागत नाही इतकंच.'
मग रॉकेलनं हात धुतले.
त्या दिवशीही पाणी तेवढंच काळं झालं.

चहाला श्री. शी भेटले. काठी, कानात यंत्र,
चकली उलटसुलट करून बघत होते, कुठून सुरू करायची.
'वल्ह्याचा आवाज ऐकलात? तो मी.
एकोणीस वर्षांचा होतो. स्टुडिओत नदी कुठली,
कपडे धुवायचं घंगाळ आणि एक भाताचा डाव.'
हसले. मग म्हणाले,
'संवादात बाराच होते.
तो म्हातारा नट तेराव्यालाही थांबला नाही.
आम्ही दिग्दर्शकाकडे बघतोय, दिग्दर्शक जमिनीकडे.
कट म्हणायचं कुणी?
माझे हात भरून आले, पण होडी कशी थांबवू,
माणूस अजून मोजतोय.'
कोण होते हो ते, त्याचे?
त्यांनी चकली मोडली.
'आम्ही विचारलं नाही.
एकोणचाळीसला तो आपला आपण गप्प झाला.'
सान-श-च्यू, तीन-दहा-नऊ. भरलेला, गच्च आकडा.

बस गेली होती. मी लंडन रोडनं चालत निघाले,
बंद केबाबवाला, बंद लाँड्री,
पावलांबरोबर मोजत, आपल्या भाषेत.
सदतीस. अडतीस.
आणि मग तो शब्द,
शाळेपासून हजारदा म्हटलेला,
पहिल्यांदाच नीट ऐकू आला:
एक ऊन चाळीस.
चाळीस,
आणि त्यातला एक इथे नाही.